लांबीखालचा पत्रा

जुनी गाडी घेऊन माणूस आला की आधी रंगाचं बोलतो. काळी करू का? मूळचा पांढराच ठेवू? मेटॅलिक बसेल का हिला? मी ऐकता ऐकता खिशातलं लोहचुंबक काढतो. जुन्या स्पीकरचं आहे, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून फडक्यात शिवून घेतलेलं. ते दाराच्या खालच्या कडेवरून, चाकाच्या कमानीवरून, डिकीच्या कोपऱ्यांवरून फिरवतो. गच्च धरलं तर खाली पत्रा आहे. घसरून हातात आलं तर तिथं लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी आहे, आणि लांबीच्या मागं काय आहे ते देवाला आणि आधीच्या मिस्त्रीलाच ठाऊक.

माझी हयात पत्र्यात गेली. एसटीच्या चिकलठाणा कार्यशाळेत बॉडीच्या कामावर होतो. निवृत्त झाल्यावर नेवासा फाट्याजवळ शेड टाकली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला आमच्याच नगरहून पुण्याला सुटली, तिची बॉडी लाकडी होती आणि वर कापडी छत. आमच्या काळात ॲल्युमिनियम आलेलं. ॲल्युमिनियमला गंज नाही असं लोक म्हणतात ते अर्धंच खरं. त्याला उघडा लोखंडी बोल्ट लावा आणि दोन पावसाळे जाऊ द्या, बोल्टभोवती पांढरी भुकटी सुटलेली दिसेल. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यातल्या एकाचा बळी जातो. म्हणून मध्ये प्रायमर नाहीतर रबर घालायचं. हे मला कॉलेजात नव्हे, रिव्हेट ठोकताना कळलं.

आता शेडमध्ये येतात त्या जीप, पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि मधूनच एखादी कॉन्टेसा. आज सांगतो ती गोष्ट कॉन्टेसाची. पत्रा कुठं सडतो, कसा सडतो आणि तो बदलायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिच्या अंगावर सगळं एकत्र बघायला मिळालं.

कॉन्टेसाला हौशी लोक भारताची मसल कार म्हणतात. मसल कार ही अमेरिकेतली १९६०च्या दशकातली जात. मध्यम आकाराची दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन कोंबायचं. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ बहुतेक जण पहिली मानतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली, मागोमाग डॉज चार्जर आणि चॅलेंजर. डॉज आणि प्लिमथ ही नावं महाराष्ट्राला नवी नव्हती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९४०च्या दशकाच्या शेवटी या नावांच्या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात जोडल्या होत्या. त्या मसल कार नव्हेत, घरंदाज चार दारी गाड्या. पुढं त्याच कुर्ल्यातून फियाट आणि मग पद्मिनी निघाली.

कॉन्टेसा हिंदुस्तान मोटर्सची. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात १९८४ साली सुरू झाली. साचे इंग्लंडच्या व्हॉक्सॉल कंपनीच्या १९७०च्या दशकातल्या गाडीचे. लांब नाक, रुंद छाती, पुढं चार दिवे. दिसायला हिंदकेसरी, पण सुरुवातीचं इंजिन ॲम्बेसेडरच्याच घराण्यातलं, १४८९ सीसीचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. लंगोट कसलेला पैलवान इमामपूरच्या घाटात निम्म्यावर बसून दम खातोय असा प्रकार. नंतर इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं तेव्हा गाडी दिसते तशी धावायला लागली. २००२ मध्ये उत्पादन थांबलं. आमच्या ऊसपट्ट्यात एके काळी कॉन्टेसा दारात असणं म्हणजे माणूस मोठा झाल्याची पावती होती.

ही गाडी कुकाण्याकडच्या एका बागायतदारांच्या वडिलांची. वडील असेपर्यंत मुंबईला मुलाकडे होती, खाडीच्या काठच्या इमारतीखाली उघड्यावर. नंतर गावी आणली आणि गोठ्याशेजारच्या छपराखाली लावली. पत्र्यासाठी दोन्ही जागा वाईट. मुंबईत हवेतलं मीठ आणि गोठ्यात गोमूत्राच्या वाफा. मधल्या काळात कुणा गॅरेजवाल्यानं तिला "नवी" करून दिली होती. त्याचं बिल बागायतदारांनी जपून ठेवलं होतं, मला दाखवलं. त्यावर पत्राकाम असा शब्द होता, त्यापुढं चांगली रक्कमही होती.

"नाना, रंग थोडा फुगलाय फक्त. दसऱ्याला काढायचीय गाडी. होईल ना?"

"कोणत्या दसऱ्याला, ते आत बघून सांगतो," मी म्हटलं.

डाव्या मागच्या चाकाच्या वर रंगाला फोड आले होते, हरभऱ्याएवढे. मी पटाशीनं एक फोड उचकटला. रंगाखाली करडा प्रायमर, त्याखाली गुलाबीसर लांबी. ती पाऊण इंच जाड निघाली. लांबीच्या खाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली बारीक जाळी. जाळीच्या मागं रेझिनमध्ये भिजवून वाळवलेला पोत्याचा तुकडा, त्यावरची युरियाची अर्धी अक्षरं अजून वाचता येत होती. पोतं ओढलं तसा मूठभर तांबडा भुगा खाली सांडला आणि भोकातून माझा पोरगा पलीकडं डिकीत बसलेला दिसला. मूळ पत्र्याचा तिथं मागमूस नव्हता. बागायतदार काही बोलले नाहीत. बिलाची घडी केली आणि खिशात ठेवली.

पत्रा असा का सडतो, ते थोडं समजून घ्यायला हवं. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, एवढं शाळेत शिकवतात. पण उघड्या लोखंडावर पाण्याचा थेंब ठेवून बघा. थेंबाच्या कडेला हवा भरपूर, मध्यभागी कमी. लोखंड विरघळतं ते मधल्या, कमी हवेच्या जागी. तांबडा गंज जमतो तो बाहेरच्या बाजूला. म्हणजे जिथं हवा पोचत नाही आणि ओल मात्र टिकते, त्या सांदीत पत्रा आतून खाल्ला जातो. दोन पत्र्यांची जोड, दाराच्या तळाची दुमडलेली कड, काचेच्या रबराखालची खाच, बॅटरीची बैठक, पायाखालच्या गालिच्याची मागची बाजू. मीठ असलं की पाण्यातून वीज सोपी वाहते, म्हणून मुंबईची गाडी नगरच्या गाडीपेक्षा लवकर जाते. आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा लागते. म्हणून तो रंग उचलतो, जोड फाकवतो, फोड आणतो. बाहेर हरभरा दिसत असेल तर आत भाकरीएवढा घास गेलेला असतो. लांबी तर ओल शोषून घेते. गंजावर लांबी भरणं म्हणजे त्याला सावली आणि पाणी, दोन्हीची सोय करून देणं.

आपल्याकडं पाऊस कमी, तरी काळ्या मातीचा त्रास वेगळा आहे. ऊसतोडीच्या दिवसांत शेतरस्त्यावरून गाडी गेली की चाकाच्या कमानीत चिखल थापला जातो. तो वरून वाळतो, आतून महिनाभर ओला राहतो. सिल, म्हणजे दाराखालची लांब पोकळ पेटी, तिला तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात. ती या चिखलानं बुजली की पेटीचा हौद होतो.

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइसची चिलखती मोटार ठेवलेली आहे. मुलांना घेऊन गेलात तर जरूर बघा. चिलखताचं लोखंड जाड, त्याला वरून गंज चढला तरी खरवडून रंग मारता येतो, पुढची पन्नास वर्षं चिंता नाही. मोटारीच्या पत्र्याला ती ऐपत नसते. तो जेमतेम ०.८ ते १ मिलिमीटर. तेवढ्यात दोन्ही बाजूंनी गंज लागला की उरलं काय? असा पत्रा दुरुस्त होत नाही. कापून काढायचा आणि तिथं नवा बसवायचा.

अमेरिकेत हे काम करणाऱ्याचं एका बाबतीत बरं आहे. तिकडं उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. त्यानं जुन्या मस्टँग आणि चार्जरचे खालचे भाग हमखास गेलेले असतात. पण त्या गाड्यांचं वेड एवढं की त्यांचे पत्रे आजही नव्यानं छापून विकले जातात. मागची बाजू, फरशी, डिकीचा तळ, बोनेट, जे हवं ते कॅटलॉगमधून मागवा. १९६७ची मस्टँग किंवा १९६९ची कॅमॅरो हवी असेल तर नवी कोरी अख्खी बॉडीसुद्धा मिळते. तिथल्या कारागिराचं कौशल्य कापण्यात, मापात आणि जोडण्यात. कॉन्टेसाचा पत्रा मात्र कुणीच छापत नाही. भंगारातल्या दुसऱ्या कॉन्टेसाचा तुकडा मिळाला तर मिळाला, पण ती गाडीही नेमकी तिथंच सडलेली असते. म्हणून आमच्याकडं पत्रा बदलायचा म्हणजे आधी तो पत्रा हातानं घडवायचा.

कापण्याआधी एक काम असतं आणि घाईचे मिस्त्री नेमकं तेच टाळतात. जीपला खाली वेगळी चासी असते. बॉडी काढून बाजूला ठेवली तरी गाडीचा सांगाडा जागेवर राहतो. कॉन्टेसाला तशी चासी नाही, मस्टँगला आणि चार्जरलाही नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा, आणि त्या पेटीचा कणा म्हणजे ती दाराखालची सिल. दोन्ही सिल एकदम कापल्या तर गाडी मधून खचते आणि मग जन्मात दार नीट लागत नाही. म्हणून आधी दाराच्या चौकटीत चौकोनी नळ्या आडव्या-तिरक्या टाके मारून बसवायच्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची कर्णाची मापं घ्यायची आणि खडूनं भिंतीवर लिहून ठेवायची. मी वहीत लिहीत नाही. वही हरवते, भिंत कुठं जात नाही. एका वेळी एकच बाजू कापायची, आणि दार लावलेलंच ठेवायचं, म्हणजे त्याची फट बघून अंदाज येत राहतो.

बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर न्या, गालिचे आणि सीट काढा. फरशीवर आवाज दाबायला चिकटवलेला डांबरी थर असतो, तो खरवडून काढा. वेल्डिंगची ठिणगी त्याला लागली तर धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जवळ वाळूची बादली आणि ओली पोती हवीतच. काम संपल्यावर अर्धा तास तरी मी तिथून हलत नाही.

गंज जिथं संपल्यासारखा दिसतो तिथं कापायचं नाही. त्याच्यापुढं आणखी दोन बोटं जायचं, चकचकीत लोखंड लागेपर्यंत. कारखान्यात दोन पत्रे जोडलेले असतात ते स्पॉट वेल्डनं, छोटे गोल ठसे दिसतात. ते आठ मिलिमीटरच्या ड्रिलनं नेमके पोखरले की वरचा पत्रा सुटतो आणि खालचा शाबूत राहतो. छिन्नीनं उपटणारे खालच्या पत्र्याचीही वाट लावतात.

मग पुठ्ठा. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा जाड नको, बुटाच्या डब्याचा बरा, वाकतो. भोकावर धरायचा, पेन्सिलीनं कड काढायची, कात्रीनं कापायचा, पुन्हा धरून बघायचा. उजवी बाजू धड असेल तर तिचा पुठ्ठा काढून उलटा करायचा. या गाडीची उजवी बाजूही निम्मी गेलेली होती, तरी कमानीची गोलाई तेवढी तिच्यावरून मिळाली.

पत्रा घ्यायचा तो सीआरसी, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला, गुळगुळीत. बाहेरच्या अंगाला वीस गेज, फरशीला आणि सिलला अठरा. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ, हे गिऱ्हाइकांना नेहमी उलटं वाटतं. पाण्याच्या टाकीचा जीआय पत्रा गंजत नाही म्हणून काही जण तोच लावतात. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगमध्ये जस्त जळून पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. शिवाय जोड भुसभुशीत होतो. लावायचाच असेल तर जोडाच्या कडेचं जस्त आधी घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा.

सपाट तुकडा कापून वाकवणं सोपं. चाकाच्या कमानीचा पत्रा दोन दिशांना वळतो, तिथं कस लागतो. वाळूच्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं हलके ठोके घालत गेलं की मधला भाग ताणून खोलगट होतो. मग डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, आतून धरून, वरून सपाट तोंडाच्या हातोडीनं उंचवटे बसवायचे. ठोका जोराचा नको, एकसारखा हवा. हाताला कळत नसेल तर डोळे मिटून तळवा फिरवा. डोळा फसतो, तळवा फसत नाही. कमानीची कड आत वळवताना पत्रा गोळा होतो, चुण्या पडतात. एकदम न वळवता तीन-चार फेऱ्यांत थोडी थोडी वळवली तर चुणी जिरते. डाव्या बाजूचा तो एक तुकडा घडवताना मी पोराला हातोडी दिली आणि शेजारी बसलो. पहिला पत्रा त्यानं ठोकून ठोकून इतका ताणला की त्याचं डबडं झालं. तो भंगारात टाकून दुसरा दिला. पत्र्याचा खर्च मजुरीपुढं काहीच नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

जोड कसा द्यायचा यावर मिस्त्री लोकांत वाद आहेत. नवा पत्रा जुन्यावर चढवून वेल्ड केला की काम झटपट होतं. पण त्या दोन पत्र्यांमध्ये सांद राहते आणि सांदीत काय होतं ते वर सांगितलंच. मी बाहेरच्या अंगाला कडेला कड लावतो, मध्ये वेल्डिंगच्या तारेएवढी फट ठेवून. जिथं मुळात दुहेरी पत्रा होता तिथं नव्यात भोकं पाडून ती वेल्डनं भरतो, आणि जोडण्याआधी दोन्ही अंगांना जस्ताचा, वेल्डिंग सोसणारा प्रायमर लावतो.

पूर्वी सगळं गॅस वेल्डिंगवर चालायचं. गॅसनं जोड मऊ होतो, हातोडीखाली छान बसतो, पण आजूबाजूचा पत्रा तापून लाटा येतात. आता सीओटू वेल्डिंग आहे. ०.८ची तार, एक टाका इथं, दुसरा वीतभर पलीकडं, तिसरा दुसऱ्या टोकाला. आधीचा टाका हात लावण्याइतका गार झाल्याशिवाय त्याच्या शेजारी जायचं नाही. सलग शिवण ओढणाऱ्याची गाडी मी लांबून ओळखतो, तिच्या अंगावरचं प्रतिबिंब हलतं. वेल्ड गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा आत ओढतो. म्हणून आतून डॉली धरून जोडावर हलके ठोके मारून तो पुन्हा ताणायचा. एवढं केलं की ग्राइंडरनं घासल्यावर जोड बोटाला लागत नाही.

आता ऊसपट्ट्यातली एक युक्ती. कापायची गरज नाही पण गंजलेत असे छोटे भाग निघतात, बिजागऱ्या, कंस, डिकीच्या दांड्या. ते मी मळीच्या पाण्यात बुडवतो. साखर कारखान्यातून निघते ती काळी, घट्ट मळी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी. दोन आठवड्यांत गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. मळीतले काही घटक गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात ओढतात, म्हणून हे होतं. युक्ती मी शोधलेली नाही, जगभरचे जुन्या गाड्यांचे हौशी हेच करतात. फरक एवढाच की त्यांना मळी शोधावी लागते आणि आमच्या एका बाजूला सोनईचा कारखाना, दुसऱ्या बाजूला भेंड्याचा. मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, कारखान्यातून पिंप भरून आणायचा तो माल नव्हे. पशुखाद्यवाल्याकडं मिळते तेवढी कॅनभर पुरते. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताच्या ओतकामाचे भाग, जसे दाराचे चकचकीत कान, त्यात चुकूनही टाकू नका, विरघळतील. आणि पिंपाला झाकण हवं. माशा येतात, शिवाय वासावरून शेजारी विचारतात की नाना, तुम्ही शेडमध्ये नेमकं गाळताय काय?

लोखंडाचा विषय आमच्या तालुक्यात शनिमहाराजांना टाळून पुरा होत नाही. शिंगणापूर इथून जवळच. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये असं मानणारे बरेच आहेत, त्यामुळे माझी पत्र्याची खरेदी शुक्रवारी उरकलेली असते. मला स्वतःला वाराचं काही नाही, पण गिऱ्हाइकाच्या मनाला लागेल असं कशाला करा? घरांना दारं नसलेलं गाव म्हणून ज्याची ख्याती, त्याच्याच तालुक्यात मी दारं दुरुस्त करत बसलोय. तिथं शिळेवर तेल घालतात. गाडीलाही तेल लागतं, ते रंगाच्या वर नाही, पत्र्याच्या आत. बाहेरून कितीही झकास रंग मारा, सिलच्या पोकळीत आणि दाराच्या पोटात नव्या वेल्डची मागची बाजू उघडीच असते. तिथं लांब नळीच्या फवाऱ्यानं मेण किंवा मेणाळ तेल सोडायचं, तळाच्या भोकांतून थेंब पडेपर्यंत. रंग वाळल्यावर शेवटी करायचं हे काम, आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी होत नाही.

लांबीला मी एवढ्या शिव्या घातल्या, तरी ती माझ्याही शेडमध्ये आहे. नागड्या, गंजमुक्त पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर आणि मग दोन, फार तर तीन मिलिमीटर लांबी, हातोडीचे बारीक ठसे बुजवण्यापुरती. हार्डनर शंभराला दोन-तीन, मे महिन्यात त्याहून कमी, नाहीतर पातीवरच दगड होतो. ती कोरडीच घासायची. पाणी लावून घासली की ती पाणी पिते आणि वरून रंग मारून आपण ते पाणी आत कोंडतो. पत्र्याला बारीक खड्डे राहिले असतील तर रस्ट कन्व्हर्टर चालतो. त्यातलं टॅनिन गंजाशी मिळून काळा, घट्ट थर करतं. हिरडा आणि हिराकस घालून जुन्या लोकांची काळी शाई व्हायची, ती याच गुणानं. पण भोक पडलेल्या जागी कन्व्हर्टर लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

कागदपत्रांचंही दोन शब्दांत सांगतो. गाडीवर ठोकलेला चासी नंबर ज्या पत्र्यावर आहे तो पत्रा कापायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. तो गेला की गाडीची ओळख गेली. रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूप न बदललेली गाडी विंटेज ठरते, तिला वेगळा नंबर मिळतो. पहिल्यात पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४च्या आधी त्या रांगेत येत नाही. तोवर ती आरटीओच्या लेखी नुसतीच जुनी गाडी, आणि तपासणीला उभी राहताना तिची फरशी भक्कम असावी लागते.

बागायतदारांची गाडी त्या दसऱ्याला निघाली नाही. दोन्ही मागच्या बाजू, दोन्ही सिल, डाव्या दाराचा तळ आणि ड्रायव्हरच्या पायाखालची फरशी, एवढं नवं झालं. रंग मूळचाच, पांढरा. काम चालू असताना ते अधूनमधून येऊन उघडा पत्रा बघून जायचे, एकदा तर स्वतः पुठ्ठा कापायला बसले. मला अशी गिऱ्हाइकं आवडतात. कापलेले सडके तुकडे मी त्यांना पोत्यात भरून दिले. पैसे कशाचे घेतले ते दाखवायला त्याहून चांगली पावती नाही.

तुमच्या दारात पद्मिनी असो, ॲम्बेसेडर, जीप नाहीतर कॉन्टेसा. मृगाच्या आधी दारांच्या आणि सिलच्या तळाची भोकं तारेनं मोकळी करा, कमानीतला चिखल पाइपानं धुऊन काढा, गालिचे उचलून उन्हात टाका. गाडी कामाला दिलीत तर रंग मारायच्या आधी एकदा गॅरेजवर जा आणि नागडा पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जो मिस्त्री तो दाखवायला तयार नसेल, त्याच्याकडून गाडी त्याच दिवशी परत आणा.